पोलीस मागे लागण्याआधी

महामार्गालगतच्या तालुक्याच्या गावी दुचाकींचं गॅरेज चालवणाऱ्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय ३६. मोठ्या बहिणीचा मुलगा अकरावीसाठी त्यांच्याकडे राहतो. तो १७ वर्षांचा आहे, १८ पूर्ण व्हायला सात महिने आहेत. बहिणीचे यजमान सहा वर्षांपूर्वी आजारपणात गेले. ती बारा-चौदा किलोमीटरवरच्या गावी चार एकर कपाशी एकटी पाहते. भाच्याला कॉलेजला आणि क्लासला जायला म्हणून मामांनी एक जुनी पल्सर स्वतःच्या हाताने बांधून दिली. कागदपत्रं मामांच्या नावावर आहेत.

मागच्या महिन्यात ती गाडी दुरुस्तीला आली तेव्हा उजवं फुटरेस्ट वाकलेलं होतं, हँडलचा टी हललेला होता आणि चेनमध्ये कडब्याची चिपाडं अडकली होती. ‘रोही (नीलगाय) आडवा आला,’ असं भाचा म्हणाला. चार दिवसांनी एका गिऱ्हाइकाने मोबाइलवर रील दाखवलं. रात्रीचा चौपदरी रस्ता, पैजेच्या शर्यतीत एका रांगेत चार गाड्या, मागून पोलिसांचा लाल-निळा दिवा. मग एका गाडीचा हेडलाइट विझतो आणि ती शेतरस्त्याला उतरते. टाकीवरचं स्टिकर मामांनीच लावलेलं होतं.

पत्रलेखक विचारतात: ‘पोलिसांना सांगावं तर ते सापळा लावतील, पाठलाग होईल आणि पोरगं जिवानिशी जाईल. पोलीस मागे लागले नसते तर तो पडलाच नसता. ताईला सांगावं तर ती खचेल. ती आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी येईल तेव्हा बघू, असं ठरवलंय. गाडी काढून घेतली तर म्हणतो मित्राच्या गाडीवर बसून जाईन, कॉलेज सोडून देईन. “मामा, मना हात बठेल शे,” (माझा हात बसलाय) हे त्याचं पालुपद. आणि खोटं कशाला बोलू, चालवतोही छान. शिवाय त्या पोरांपैकी तिघांचे सायलेन्सर मीच बदललेत, त्या कामात पैसा बरा सुटतो. मी काय करू?’

भाऊ,

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापासून सुरुवात करते. ‘पोलीस मागे लागले नसते तर तो पडलाच नसता.’ हे वाक्य मला उडवून लावायचं नाही, कारण त्यात तथ्य आहे. पाठलाग सुरू झाला की गाडी चालवणाऱ्याचं ध्यान पुढे राहत नाही, मागे जातं. किती जवळ आले, वळू का, दिवा बंद करू का, एवढंच डोक्यात असतं. एरवी जो मुलगा त्या शेतरस्त्यावर दिवसाउजेडीही दुसऱ्या गिअरच्या वर जाणार नाही, तोच अंधारात दिवा मालवून भन्नाट आत शिरतो. त्याच वेळी पोलिसांची गाडीही तेवढ्याच वेगात असते. म्हणजे एका बेफाम गाडीच्या दोन होतात. ढाब्यावरून रस्ता ओलांडणाऱ्या माणसाला यातलं काही ठाऊक नसतं. त्याला एक गाडी गेलेली दिसते, तो पाऊल टाकतो आणि दुसरी अंगावर येते.

अमेरिकेत असे पाठलाग नेहमीचे आहेत. त्यांत दरवर्षी शेकडो माणसं मरतात, आणि कशाशीच संबंध नसलेले वाटसरूही त्यांत असतात. शेवटी २०२३ मध्ये तिथल्या केंद्रीय न्याय खात्याच्या पाठबळावर पोलीस अधिकाऱ्यांच्याच एका अभ्यासगटाने मार्गदर्शिका काढली. हिंसक गुन्हा घडला असेल आणि पळणाऱ्यापासून इतरांच्या जिवाला तातडीचा धोका असेल, तरच मागे लागा, नाहीतर सोडा आणि दुसऱ्या मार्गाने शोधा, असा तिचा आशय. तुम्हाला जे भय वाटतं तेच खाकीतल्या अनुभवी माणसांनाही वाटतं, हे सांगायला मी एवढं लांबचं उदाहरण दिलं.

पण त्या भयावरून तुम्ही गप्प बसायचं ठरवलंत, ते मला पटत नाही. पाठलाग कधी होतो याचा जरा विचार करा. गाडी कुणाची, पोरगा कुणाचा, हे काहीच माहीत नसतं, आणि आत्ता सुटला तर पुन्हा हाती लागणार नाही असं वाटतं, तेव्हा होतो. नंबर प्लेट आत वाकवलेली असते, तोंडाला रुमाल असतो. मग पोलिसांकडे मागे धावण्याखेरीज काय उरतं? तेच त्यांना नाव आणि पत्ता ठाऊक असेल, तर सकाळी दहा वाजता एक हवालदार घरी येऊन आईवडिलांसमोर बोलू शकतो. त्यात कुणाच्या अंगाला ओरखडा येत नाही. रात्रीचा पाठलाग टाळायचा असेल तर कुणीतरी दिवसा बोललं पाहिजे, आणि तुमच्या गावात या पोरांना नावानिशी, गाडीनिशी ओळखणारा तुमच्याइतका दुसरा माणूस नाही. तुम्ही गप्प राहिलात तर पोरांसाठी आणि पोलिसांसाठी फक्त रात्रच शिल्लक राहते.

दुसरं असं की, गस्तीची गाडी आली तेव्हा शर्यत सुरू होतीच. त्या रात्री पोलीस आलेच नसते असं धरून चाला. चार गाड्या, दोन लेन, आणि पैज. तुम्ही मेकॅनिक आहात, म्हणून हिशेब तुमच्याच भाषेत मांडते. ताशी १०० किलोमीटरला गाडी एका सेकंदात जवळपास २८ मीटर जाते. काही दिसल्यापासून हात ब्रेकवर पडेपर्यंत माणसाला एक ते दीड सेकंद लागतो, तरण्याताठ्यालाही. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच २८ ते ४२ मीटर संपले. पुढे चांगल्या टायरवर, चांगल्या ब्रेकवर, कोरड्या डांबरावर थांबायला आणखी साठेक मीटर. आणि जुन्या पल्सरचा डिपर किती अंतर दाखवतो, ते तुम्ही रोज काच पुसून पाहता: चाळीस-पन्नास मीटर. याचा अर्थ जे दिसेल ते आदळायच्या टप्प्यात आल्यावरच दिसेल. ५० च्या वेगाला हेच ब्रेकचं अंतर पंधरा-सोळा मीटर असतं, कारण वेग दुप्पट केला की ब्रेकला जिरवायची ऊर्जा चौपट होते. भाच्याचा हात बसलाय हे मी मान्य करते. पण ही चौपट काही हाताने कमी होत नाही.

आणि त्या रस्त्यावर काय काय असतं हे आपल्याला, खान्देशातल्या माणसांना, सांगायला नको. फागणे ते तरसोद आणि तिथून पुढे चिखलीपर्यंत चौपदरीकरण व्हावं म्हणून आपण किती वर्षं खड्डे आणि धूळ खाल्ली! रस्ता गुळगुळीत झाला, पण त्याच्यावरून जाणारी माणसं तीच राहिली. कपाशी भरलेली ट्रॉली मागचा लाल दिवा नसताना उलट्या बाजूने येते. पंपावर पाणी धरायला निघालेला शेतकरी खांद्यावर फावडं घेऊन दुभाजक ओलांडतो. आपल्याकडचा उन्हाळा ४५ अंशांच्या घरात जातो, म्हणून माणसं कामं रात्रीवर ढकलतात. आता चैत्र लागला की वणीच्या वाटेने पायी निघालेली माणसं या रस्त्यांवर असतील. आपल्याकडची सप्तशृंगीची पदयात्रा ऊन टाळून रात्री आणि पहाटेच चालते. बाया, म्हातारी, कडेवर पोरं, आणि त्यातल्या निम्म्यांच्या पायात चपला नसतात. या सगळ्यांचा त्या पैजेशी काय संबंध? तुमची सगळी काळजी भाचा पडेल याची आहे. ती रास्तच आहे, पण तो कुणाला तरी पाडेल ही शक्यता पत्रात एकदाही आलेली नाही. ती येऊ द्या. भाच्याशी बोलतानाही येऊ द्या. या वयाच्या मुलाला स्वतःच्या मरणाची भीती घालून फारसं काही होत नाही. आपल्या हातून एखादी म्हातारी गेली तर काय, हा प्रश्न मात्र त्याला गप्प करतो.

आता कायद्याचं. तो मी घाबरवायला सांगत नाही, पण अपुरी माहिती घेऊन तुम्ही निर्णय घेऊ नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार सरकारच्या लेखी परवानगीशिवाय रस्त्यावर शर्यत लावली तर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्या वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० रुपये. बैलगाडा शर्यतीलासुद्धा जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, हे पोरांना माहीत असतं. रात्रीच्या महामार्गाला मात्र कुणाला विचारायचं नाही असं ते धरून चालतात.

तुमच्यासाठी महत्त्वाचं कलम दुसरं आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं १९९-अ. अल्पवयीन मुलाने वाहनाचा गुन्हा केला तर त्याचा पालक किंवा वाहनाचा मालक दोषी धरला जातो: तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. तुमच्या बाबतीत गाडी तुमच्या नावावर, मुलगा तुमच्या घरी. आपल्याला माहीत नव्हतं किंवा आपण पुरेपूर काळजी घेतली होती, हे सिद्ध केलं तर मालकाची सुटका होऊ शकते. पण गिअरची गाडी १८ च्या आत चालवताच येत नाही, आणि ती तुम्हीच त्याच्या हाती दिलीत. इथे लायसन्स कोण विचारतं, ही समजूत आपल्या सगळ्या तालुक्यांत आहे आणि ती अपघात होईपर्यंत टिकते. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला भरधाव मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंते गेले, मोटार १७ वर्षांचा मुलगा चालवत असल्याचा गुन्हा दाखल झाला आणि त्याच्या वडिलांनाही अटक झाली. ते घर पैसेवाल्यांचं होतं. तुमच्या-माझ्या घराला एवढं सोसणार नाही.

विम्याकडेही बघा. दुचाकीच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते, आणि लायसन्स नसलेला चालक म्हटलं की कंपनीला हात वर करायला आणखी एक कारण मिळतं. मेलेल्या किंवा जायबंदी झालेल्या माणसाच्या घरच्यांना कोर्टाच्या आदेशाने कंपनीने भरपाई दिली, तरी ती रक्कम मालकाकडून वसूल होऊ शकते. म्हणजे तुमच्याकडून.

एवढं वाचून तुम्ही आज रात्री भाच्याला धरून झापाल, अशी मला धास्ती वाटते. तसं करू नका. आधी त्याला एक गोष्ट विचारा: तू का पळालास? खरंच विचारा आणि उत्तर ऐकून घ्या. पैज आणि रील हे वरवरचं कारण असेल. मला वाटतं आत दुसरं काही निघेल. गाडी मामाच्या नावावर आहे, मामाला पोलीस स्टेशनला जावं लागेल, आईला कळेल, बाप नाही म्हणून सगळा गाव बोट दाखवेल. १७ वर्षांच्या पोराला हे सगळं त्या पाच सेकंदांत सुचतं आणि तो दिवा मालवतो. बरीच मुलं पोलिसांपेक्षा घरच्यांच्या तोंडाला घाबरून पळतात.

म्हणून त्याला स्पष्ट शब्दांत सांगा: ‘कधीही, कुठेही पोलिसांनी हात दाखवला तर थांबायचं. गाडी बंद करायची, चावी काढायची, हात दिसतील असे ठेवायचे आणि मला फोन करायचा. मी येईन. शिव्या देणार नाही, मारणार नाही, आधी तुझ्या शेजारी उभा राहीन. दंड भरू, गाडी जप्त झाली तर होऊ दे.’ पकडलं जायलाही हरकत नाही, हे मुलाला घरातून कुणीतरी सांगावं लागतं. आपल्याकडे ते सांगितलं जात नाही. उलट ‘हाती लागला नाही पठ्ठ्या’ असं चारचौघांत कौतुकाने बोललं जातं. तुम्ही तसं बोलला नाहीत हे पत्रावरून दिसतं, पण गॅरेजवर बसणारे बोलत असतील, आणि तो ते ऐकत असेल. त्यांना तिथल्या तिथे थांबवा.

ही मुभा म्हणजे शर्यतीची मुभा नव्हे, हेही त्याच बैठकीत सांगायचं. गाडी १८ पूर्ण होऊन लायसन्स हातात येईपर्यंत मिळणार नाही. इथे घासाघीस नको. ‘आठवडाभर ठेवून घेतो’ किंवा ‘फक्त कॉलेजपुरती घे’ असं केलंत तर तो दुसऱ्याच दिवशी तुम्हाला वळवेल. चावी लपवण्यात अर्थ नाही. तुमच्याच हाताखाली शिकलेला पोरगा ती बिनचावीने चालू करेल. प्लगची वायर, कार्ब्युरेटर, जे काढायचं ते काढा आणि सामान घरी नेऊन ठेवा. गावात राहून कॉलेजला जायला सायकल पुरते. त्याला हिशेब सात महिन्यांचा मांडून दाखवा: सात महिने थांबलास तर लायसन्स, पकडला गेलास तर आठ वर्षं नाही. गाड्यांवर जीव असलेल्या मुलाला दंडाच्या आकड्यापेक्षा हा आकडा कळतो.

कॉलेज सोडेन, मित्राच्या मागे बसेन, हे तो म्हणणारच. कॉलेज सोडण्याची धमकी मी फार मनावर घेणार नाही. मित्राच्या मागे बसण्याची मात्र घेईन, कारण मागे बसलेला मुलगा आधी फेकला जातो आणि त्याच्या हातात ब्रेकही नसतो. त्यावर एकट्या मामाकडे उपाय नाही. त्याकडे पुढे येते.

एका दुपारी त्याला घेऊन त्या शेतरस्त्यावर जा. पायी. भाषण नको, नुसतं चाला. कुठे दिवा मालवला, कुठे वळला, कुठे पडला, हे त्यालाच दाखवू द्या. आपल्याकडे शेतरस्त्याच्या कडेला जुन्या विहिरी असतात, कितीतरी विहिरींना कठडा नसतो, आणि तोंडाशी गवत इतकं माजलेलं असतं की दिवसाही चार पावलांवरून पत्ता लागत नाही. पडलेल्या जागेपासून तशी विहीर, तारेचं कुंपण किंवा नाल्याचा पाइप किती अंतरावर आहे, ते त्याला पावलांनी मोजायला सांगा. मग घरी या. त्या दिवशी त्यावर जास्त बोलू नका.

ताईंना कधी सांगायचं, हा तुमचा प्रश्न. याच आठवड्यात सांगा. आखाजीपर्यंत थांबायचं कारण मला दिसत नाही. माहेरपणाला आलेल्या लेकीला झोक्यावर बसवून ही बातमी देणार का? तुम्ही लिहिता ती खचेल. जी बाई नवरा गेल्यावर सहा वर्षं चार एकर कपाशी एकटीने काढते, व्यापाऱ्याशी भावावरून भांडते, मुलाला शिकायला दुसऱ्या गावी ठेवते, ती बाई ऐकून रडेल, पण खचणार नाही. तुम्ही तिला जपता आहात ते मला कळतं. मात्र तिच्या मुलाबद्दलचा निर्णय तिला वगळून घ्यायचा हक्क तुम्हाला नाही. आणि ते रील आज ना उद्या तिच्या गावच्या कुणाच्या तरी मोबाइलवर पोचेलच. परक्याकडून कळण्याआधी भावाकडून कळू द्या. फोनवर नको, समोर बसून. आधी सांगा की तो धड आहे, मग सांगा काय झालं, आणि मग गाडी तुम्ही दिली होती हेही सांगा. रील तिने मागितलं तरच दाखवा. भाच्याला सोबत न्यायचं की नाही हे त्याच्यावर सोपवा, पण तुम्ही जाताय हे त्याला आधी कळलं पाहिजे. पाठीमागून चुगली झाली असं त्याला वाटलं तर तुमच्याशी असलेला दुवा तुटेल, आणि तो या घडीला फार मोलाचा आहे.

सायलेन्सरचं तुम्ही पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिलंत. मला वाटतं झोप त्यानेच उडाली आहे. गॅरेजवाल्याला रोज वीस माणसं वीस मागण्या करतात आणि प्रत्येकाच्या हेतूची चौकशी करत बसलं तर शटर ओढावं लागेल, हे मी जाणते. तरी या कामांत फरक करा. सायलेन्सर बदलून आवाज वाढवणं बेकायदा आहेच. आवाजाचा नियम मोडणाऱ्या गाडीवर १०,००० रुपयांपर्यंत दंड आणि तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. असे जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडल्याचे फोटो तुम्ही पेपरात पाहिले असतील. पण आरसे काढून देणं, मागचा दिवा काढणं आणि नंबर प्लेट आत वळवून देणं ही कामं त्याहून वाईट. आरसा नसला की पळणारा मान वळवून मागे बघतो, आणि त्या क्षणी पुढे कुणीच बघत नसतं. प्लेट वाचता आली नाही की पोलिसांना मागे धावावं लागतं. पाठलागाची भीती तुम्हाला इतकी वाटते, तर तो ज्याने अटळ होतो ते काम तुमच्या पान्याने होऊ नये. ही तिन्ही कामं उद्यापासून बंद. विचारणाऱ्याला कारण सांगायचीही गरज नाही: ‘आमच्याकडे ते काम होत नाही.’ ज्या तिघांचे सायलेन्सर बदललेत, त्यांना निरोप पाठवा की कंपनीचा सायलेन्सर घेऊन या, मजुरी न घेता परत बसवून देतो. कमाई घटेल. काही गिऱ्हाइकं शेजारच्या गॅरेजला जातील, हेही खरं. पण तालुक्याच्या गावात गॅरेज चालतं ते कामावर जाणाऱ्या माणसांच्या गाड्यांवर, आणि ती माणसं तुमच्याकडे याच कारणाने टिकतील असं मला वाटतं. शेजारच्या गॅरेजवाल्याशीही बोलून पाहा. गावातल्या दोन-तीन गॅरेजनी मिळून नाही म्हटलं तर पोरांना त्यासाठी जिल्ह्याच्या गावाला जावं लागेल.

राहिले पोलीस आणि बाकीची मुलं. त्या चार गाड्यांपैकी तीन तुमच्या ओळखीच्या आहेत, म्हणजे तीन घरं तुमच्या ओळखीची आहेत. ताईंशी बोलून झालं की त्या घरी जा, एकेक करून, संध्याकाळी वडील घरी असताना. ‘तुमचा पोरगा’ अशी सुरुवात केलीत तर भांडण लागेल. ‘माझा भाचा यात आहे आणि गाडी मी दिली होती’ असं म्हटलंत तर समोरचा ऐकेल. एखादा म्हणेल आमचा नव्हताच. त्याच्याशी वाद घालू नका, रील दाखवा आणि उठा. दोन घरं जरी तयार झाली तरी रात्री गाड्या बाहेर न काढण्याचं एकत्र ठरवता येतं, आणि मग मित्राच्या मागे बसण्याची सोयही उरत नाही.

मग त्यातल्या एखाद्या वडिलांना सोबत घेऊन पोलीस ठाण्यात जा, दिवसा, आणि ठाणे अंमलदाराला न सांगता थेट प्रभारी अधिकाऱ्यांची वेळ मागा. रस्त्याचा कोणता टप्पा, कोणते वार, किती वाजता, कुठून सुरू करून कुठे संपवतात, हे सांगा. आणि मागणी स्पष्ट ठेवा: शर्यत सुरू व्हायच्या आधी त्या जागी गाडी उभी ठेवा, बॅरिकेड लावा, नंबर टिपा आणि दुसऱ्या दिवशी घरी या, ही मुलं अल्पवयीन आहेत, रात्री मागे लागू नका. अधिकारी हे ऐकतीलच असं मी ठामपणे सांगू शकत नाही. पण जिथे पोरं जमतात तिथे आधीच उभी असलेली गस्तीची गाडी, मागून धावणाऱ्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त काम करते, हे कुठलाही जुना अधिकारी कबूल करेल. हे सदर पोलीस खात्यातले लोकही वाचतात. त्यांना माझं हेच सांगणं आहे की सतरा-अठराच्या पोरांच्या बाबतीत नंबर पुरे, पाठलाग नको.

एखाद्या रात्री शर्यत चालू असल्याचं कळलं, तर ११२ ला फोन करा. किती गाड्या, कोणत्या दिशेने, कोणत्या गावाजवळ, मुलं लहान आहेत, एवढं सांगा. स्वतः गाडी काढून मागे जाऊ नका. मामा मागे आलेला पाहूनही पोरगा तेवढाच जोरात पळेल. अपघात झालाच तर १०८, आणि जखमीला मदत करणाऱ्याला पोलीस किंवा दवाखाना अडकवू शकत नाही. त्याला कायद्याने संरक्षण आहे. पोरांनाही हे माहीत असू द्या, कारण मित्र पडल्यावर घाबरून पळून जाणारे बाकीचे तिघेच त्या वेळी त्याच्या सगळ्यात जवळ असतात.

ज्या आईबापांकडे गॅरेज नाही, त्यांनी गाडीकडे तुमच्यासारखं बघायला शिकावं. आरसे गायब, प्लेट वाकडी, टायर मध्येच सपाट झिजलेला, फुटरेस्टच्या टोकाला घासल्याच्या खुणा, आठवड्याचं पेट्रोल तीन दिवसांत संपलेलं. हे दिसलं की मुलाशी बोलायची वेळ झाली, त्यासाठी रील हाती लागायची वाट पाहू नये.

वेगाचं वेड मुळात वाईट आहे असं मी म्हणत नाही. कोइमतूरचा करी मोटर स्पीडवे आणि चेन्नईजवळचा ट्रॅक इथे मोटारसायकलींच्या अधिकृत स्पर्धा होतात, देशातल्या मोटरस्पोर्ट संघटनेचं लायसन्स काढून त्यांत उतरता येतं. चामड्याचा सूट, चांगलं हेल्मेट, ट्रॅकच्या कडेला थांबलेली अ‍ॅम्ब्युलन्स, आणि समोरून ट्रॉली येणार नाही याची खात्री. आपल्यापासून ते लांब आहे, आणि खर्चिकही, त्यामुळे त्याच्यापुढे गाजर म्हणून धरू नका. पण भाच्याचा हात खरोखर बसलेला असेल, तर तो इंजिनवरही बसेल. बारावीनंतर आयटीआयचा किंवा डिप्लोमाचा विचार त्याच्याशी करा. दरम्यान संध्याकाळी दोन तास गॅरेजवर काम द्या आणि त्याचे पैसे द्या. पैजेतून मिळणाऱ्या पाचशे रुपयांची ओढ त्याने थोडी कमी होईल.

एक शेवटचं. पोलिसांकडे जाण्याआधी तुमच्या स्वतःच्या जबाबदारीबद्दल मनात धाकधूक असणार, आणि ती असणं साहजिक आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्याच्या कोर्टातही समिती असते. महिला आणि १८ वर्षांखालील मुलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. म्हणजे ताई आणि भाचा दोघंही पात्र आहेत. ताईंना सोबत घेऊन जा. गाडीचं आरसी बुक आणि विम्याचा कागद न्या. वकिलांना सगळं खरं सांगा, रोही आडवा आल्याची गोष्ट तिथे नको, आणि ठाण्यात काय बोलायचं ते त्यांच्याकडून समजून घ्या.